उजवीकडची जुडी

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याचं फोनवर कळलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी आणि बायको अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात, खिडकी नसलेल्या खोलीत शेजारीशेजारी बसलो होतो. समोर सर्जन. उंच, पिंगट केसांचा, माझ्यापेक्षा बराच लहान, आणि बाहेर बर्फ असताना पायात लोकरीच्या मोज्यांवर सँडल. त्याच्या टेबलावर प्रोस्टेटचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. त्याचे भाग सुटे करता येत होते आणि बोलताबोलता तो ते काढत-लावत होता.

माझी अशी समजूत होती की आजार रोग्याचा आणि उपाय डॉक्टरचा. पुण्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांना ‘ही गोळी कशाची?’ असं विचारलं तरी ते चष्म्यावरून असे बघायचे की पुढच्या वेळी विचारायची हिंमत होत नसे. इथे सगळंच उलटं. ऑपरेशन किंवा रेडिएशन, तुमच्या बाबतीत दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा, तेव्हा निवड तुमची, असं म्हणून तो हात बांधून बसला.

‘‘तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?’’ मी विचारलं.

‘‘मी तुमच्या जागी नाही,’’ तो हसून म्हणाला. मिनेसोटातली माणसं नाही म्हणतानाही इतकी गोड हसतात की आपल्याला काहीतरी मिळालंच असं वाटतं.

मी सगळं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये काढलंय. ‘तुम्हाला नक्की काय हवंय?’ असं ग्राहकाला विचारणाऱ्याला काय करायचं ते स्वतःलाच माहीत नसतं, हे मला धंद्यातून पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे मी आधीच बिथरलो होतो. म्हटलं, ऑपरेशन करा, काढून टाका, बिघडलेली वस्तू घरात ठेवायची आम्हाला सवय नाही.

‘‘गॅरेजमध्ये दोन बंद पडलेले टीव्ही आहेत,’’ बायको मराठीत म्हणाली.

सर्जननं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला ते काहीतरी वैद्यकीय वाटलं असावं. मग त्यानं मॉडेल हातात घेतलं आणि प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या पिवळ्या दोऱ्या दाखवल्या. या नसा. डावीकडे एक जुडी, उजवीकडे एक. कॅन्सर डावीकडे टेकलेला, त्यामुळे डावी जुडी जाणारच. उजवी वाचवता येईल, पण वाचवायची तर कडेकडेनं, जपून कापावं लागतं आणि त्यात कॅन्सर मागे राहण्याचा थोडासा धोका असतो. थोडासाच. नाहीतर दोन्ही काढून मोकळं व्हायचं. या नसांचा लघवीशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो सेक्शुअल फंक्शनशी.

हे शब्द त्यानं हायवेवरचा पुढचा एक्झिट सांगावा इतक्या स्वच्छ, मोठ्या आवाजात उच्चारले. माझ्या बायकोसमोर. वर विचारलं, ‘‘हे तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे?’’

आणि मी म्हणालो, ‘‘नो, नो. दॅट्स ओके.’’

नुसता म्हणालो नाही, हातही आडवा धरला. ताटावर धरतात तसा.

‘‘ओके,’’ तो म्हणाला. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि रक्त पातळ करायची गोळी कधी बंद करायची ते सांगू लागला.

आता हे ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे पंगतीत कोणी जिलबी घेऊन आलं की आपण आधी नको म्हणतो. त्यानं ‘घ्या हो, एकच’ म्हणायचं असतं. आपण हात आडवा धरायचा, त्यानं तो बाजूला सारायचा, आपण ‘अहो पोट भरलं’ म्हणत ताट ओढून घ्यायचं आणि मग दोन जिलब्या खायच्या. पहिल्याच नकाराला जो सरळ पुढच्या पानाकडे वळतो त्याला पुन्हा कोणी वाढायला लावत नाही. अमेरिकेत आल्यावर पहिल्या वर्षी मी असाच एका सहकाऱ्याच्या घरी सफरचंदाचा ‘अ‍ॅपल पाय’ पुढे आल्यावर नको म्हणालो होतो. त्यानं तो सरळ आत नेऊन ठेवला आणि मी उपाशी घरी आलो. तेव्हापासून खाण्याच्या बाबतीत मी सुधारलो. कोणी काही पुढे केलं की पहिल्या फटक्यात हो म्हणतो, कधीकधी विचारायच्या आधीच. पण या विषयावर मला जन्मात कोणी मोठ्यानं विचारलंच नव्हतं. त्यामुळे सवयीनं जुनाच हात वर आला.

मी मनातल्या मनात दुसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो. तो आलाच नाही.

परत येताना गाडी बायको चालवत होती. ती आमचा एक्झिट चुकली. ती एक्झिट कधी चुकत नाही. पुढच्या सिग्नलला वळसा घेऊन आम्ही घरी आलो आणि तिनं मुगाची खिचडी टाकली.

स्पष्टच लिहितो, मला ती जुडी हवी होती. मी साठीला टेकलो होतो, पण म्हणून आमचा कारभार आटोपलेला नव्हता. मुलगी कॉलेजला गेल्यापासून घर आमचं होतं, शनिवारच्या दुपारी आमच्या होत्या. त्याबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही, कारण बोलावं लागलं नाही. आणि आता मी ते सगळं जिलबी नाकारावी तसं नाकारून आलो होतो. मला स्वतःचा इतका संताप आला की मी गॅरेजमध्ये जाऊन ते दोन टीव्ही गाडीत घातले आणि रिसायकलिंगला देऊन आलो.

उत्तर बदलायला फोन करणं एवढंच काम होतं. मी ऑफिसमधल्या फोन बूथमधून केला. आमचे फोन बूथ काचेचे आहेत, म्हणजे आवाज बाहेर जात नाही पण चेहरा सगळ्या मजल्याला दिसतो.

‘‘मला माझं एक उत्तर बदलायचंय,’’ मी नर्सला म्हणालो.

‘‘कोणतं उत्तर, सर? जरा मोठ्यानं बोलाल का?’’

तेवढ्यात माझ्या टीममधला एक पोरगा काचेला नाक लावून, लॅपटॉप हलवत उभा राहिला. मी म्हणालो, ‘‘पार्किंग. ऑपरेशनच्या दिवशी पार्किंग कुठे करायचं?’’

नर्सनं फार प्रेमानं सगळं समजावलं. दोन दिवसांनी मी हिय्या करून पुन्हा फोन केला, तीच नर्स निघाली, आणि तिनंच आधी विचारलं, ‘‘पार्किंगबद्दल अजून काही शंका?’’ मी हो म्हणालो. त्या इमारतीच्या पार्किंगची इतकी माहिती मला झाली की मी तिथे नोकरी करू शकलो असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून फोन केला. ऑपरेशनआधी पार्किंगची काळजी वाटणं अगदी नॉर्मल आहे, तुम्ही एकटे नाही, असं तिनं मला सांगितलं.

मग शनिवारी एका घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. आमच्याकडे हिवाळ्यातल्या पॉटलकला बायका किचनमध्ये असतात आणि पुरुष हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये. तिथे मला दोन अनुभवी माणसं भेटणार होती. एक आमच्या मंडळातले पंचाहत्तरीचे काका, त्यांनी रेडिएशन घेतलं होतं. दुसरा माझ्याच वयाचा नागपूरचा मित्र, त्याचं ऑपरेशन झालं होतं. दोघांनीही हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला झाल्याचं कळल्यावर मात्र ते जुन्या लढाईतले शिपाई असल्यासारखे पुढे आले.

‘‘रेडिएशनच घे,’’ काका म्हणाले. ‘‘कापाकापी नाही. फक्त रोज ब्लॅडर भरून जायचं. घरून निघताना पाणी प्यायचं, आणि फोर नाइन्टीफोर हायवेवर ट्रॅफिक लागला की देवाचं नाव घ्यायचं.’’

‘‘लागला का कधी?’’

‘‘एकदाच. नंतर ती गाडी विकली.’’

‘‘काका, तुमची गाडी तशीही भंगारातली होती,’’ नागपूरकर म्हणाला. ‘‘तू ऑपरेशन कर बे. दुसऱ्या दिवशी घरी पाठवते. आठवडाभर नळी, मग पॅड, मग एक्सरसाइज. खालचे मसल आवळायचे, सोडायचे. हे बघ, मी आत्ताच करून राहिलो. दिसलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘तेच तर. मी स्टेटस मीटिंगमध्ये पण करतो. डायरेक्टर बोलत असला का जास्त करतो.’’

मी आवाज खाली आणला. ‘‘आणि बाकीचं?’’

‘‘बाकीचं म्हणजे?’’

‘‘बाकीचं यार. बाकीचं.’’

काका एकदम कोपऱ्यातल्या बर्फ उडवायच्या स्नो-ब्लोअरकडे वळले आणि त्याचा स्पार्क प्लग तपासू लागले. नागपूरकरानं बिअरचा एक लांब घोट घेतला. ‘‘हां, बाकीचं,’’ तो म्हणाला. ‘‘होते ना. हळूहळू.’’

‘‘काय हळूहळू?’’

‘‘सगळंच.’’

यापलीकडे माहिती मिळाली नाही. मग बराच वेळ स्नो टायरवर चर्चा झाली आणि त्यात मात्र कोणी काहीच हातचं राखलं नाही.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला तो रविवारी. ती मॅसॅच्युसेट्समध्ये फिजिकल थेरपिस्ट आहे आणि शरीराच्या कुठल्याही भागाचं नाव घ्यायला लाजत नाही. ‘‘डॅड, डिड यू आस्क अबाउट नर्व्ह स्पेअरिंग?’’ म्हणजे त्या नसा वाचवण्याबद्दल.

‘‘हॅलो? तुझा आवाज तुटतोय,’’ मी म्हणालो.

‘‘इट्स नॉट ब्रेकिंग, डॅड. आय कॅन सी यू प्रिटेंडिंग. पुट मॉम ऑन.’’

बायको फोन घेऊन वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. आल्यावर मी विचारलं काय म्हणत होती, तर म्हणाली, ‘‘काही नाही. तुझे मोजे कुठल्या साइजचे विचारत होती.’’

ऑपरेशनच्या आधीची शेवटची भेट होती. तीच खोली, तेच मॉडेल, तेच सँडल. सर्जननं सगळं पुन्हा सांगितलं, दोन्ही जुड्या जाणार हेही सांगितलं, आणि विचारलं, ‘‘काही प्रश्न?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘पार्किंगबद्दलसुद्धा नाही?’’

नर्सनं त्यालाही सांगितलं होतं. मी मान हलवली. तो उठला. आता ती जुडी गेली, मला वाटलं.

‘‘डॉक्टर, सिट,’’ बायको म्हणाली.

ती रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. तो आवाज ऐकल्यावर बसत नाही असं मूल या शहरात नाही. सर्जन बसला.

‘‘आस्क हिम अगेन.’’

‘‘काय विचारू?’’

‘‘द सेम थिंग. अबाउट द राइट साइड. डॉक्टर, अवर पीपल से नो द फर्स्ट टाइम. इट इज नॉट अ नो, इट इज मॅनर्स. यू हॅव टू आस्क थ्री टाइम्स.’’ आणि मग तिनं त्याला जिलबीची सगळी हकीकत सांगितली, माझा आडवा हात स्वतः करून दाखवून.

मला वाटलं, हा आता मानसोपचारवाल्याला बोलावणार. पण त्याचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं मॉडेल खाली ठेवलं. तो म्हणाला, त्याची आजी उत्तरेकडे एका तळ्याकाठी राहायची. तिच्याकडे कॉफी आणि केक पुढे आला की पाहुण्यानं आधी नको म्हणायचं, मग ‘उगाच त्रास कशाला’ म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘बरं, उरलाच असेल तर’ म्हणून घ्यायचा. लहानपणी त्यानं एकदा एका घरी पहिल्याच वेळी हो म्हटलं, तर घरी येईपर्यंत आजी गाडीत बोलत होती.

‘‘मग तुम्ही मला परत का नाही विचारलंत?’’ मी जवळजवळ ओरडलोच.

‘‘मेडिकल स्कूलमध्ये शिकवलं की पेशंटच्या उत्तराचा मान ठेवायचा,’’ तो ओशाळून म्हणाला.

मग तो खुर्ची ओढून माझ्या समोर आला, घसा साफ केला, आणि आजीच्या घरी असल्यासारखा अदबीनं विचारू लागला. उजवी बाजू वाचवणं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे का?

‘‘नो, नो, रिअली...’’ खोटं कशाला सांगू, मी पुन्हा नको म्हणालो. हात अर्धा वर गेला होता, तो बायकोनं खाली दाबला.

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. म्हणालो, तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर. त्रास काहीच नाही, तो म्हणाला, हे माझं कामच आहे. आणि मग तिसऱ्यांदा विचारलं. मी त्या प्लास्टिकच्या पिवळ्या दोऱ्यांकडे बघत राहिलो. इंग्रजीतलं एकही वाक्य माझ्या मदतीला येईना.

‘‘हवंय,’’ मी म्हणालो. ‘‘मला हवंय.’’

सर्जननं बायकोकडे पाहिलं. ‘‘ही वाँट्स इट,’’ ती म्हणाली.

‘‘आणि तुम्हाला?’’ त्यानं तिला विचारलं.

‘‘येस,’’ ती म्हणाली. पहिल्याच वेळी.

ऑपरेशन झालं. उजवी जुडी बरीचशी वाचली, असं त्यानं येऊन सांगितलं. कॅन्सर त्या बाजूला नव्हता, तेव्हा काळजी नको. त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते आयुष्य मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आठवडाभर पायाला लघवीची पिशवी बांधून, वरून जाड कोट घालून मी गल्लीत चालायचो. शेजारी भेटला की तो हवामानावर बोलायचा. मिनेसोटातला शेजारी निरोप घ्यायला लागला की पाऊण तास घेतो, आणि तेवढ्यात पिशवी भरायची. मी घड्याळाकडे बघितलं की तो म्हणायचा, ‘‘घाईत आहात का?’’ मी म्हणायचो, ‘‘नाही, नाही.’’

नळी निघाली आणि पॅड आले. शिंक आली की संपलं. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला की संपलं. आमच्याकडे महिनाभर बिनमिरचीच्या फोडण्या झाल्या आणि बायको वरणाच्या पातेल्याकडे बघून उसासे टाकायची. मी मीटिंगमध्ये व्यायाम करायला लागलो. नागपूरकर म्हणाला होता ते खरं आहे, डायरेक्टर बोलत असला की जास्त होतो.

बाकीचं मात्र होईना. गोळ्या झाल्या. वर्षसुद्धा लागू शकतं, सर्जन म्हणाला, आणि त्यानं एक पंप लिहून दिला. उरलेल्या नसांना जाग येईपर्यंत हवा ओढून त्या भागात रक्त खेळतं ठेवायला. तो खोक्यातून आला त्या शनिवारी दुपारी बायको चष्मा लावून पलंगावर बसली आणि नवा कुकर आणल्यावर वाचते तशी त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचू लागली. ‘‘आधी सील नीट बसलंय का बघा. हवा लीक होता कामा नये. प्रेशर एकदम वाढवू नये.’’

‘‘शिट्ट्या किती?’’ मी विचारलं.

ती हसायला लागली. मग बटण दाबलं तर पंप चालेचना. त्यात बॅटऱ्या नव्हत्या. घरभर शोधून शेवटी टीव्हीच्या रिमोटमधल्या काढल्या. पंप सुरू झाला तो मिक्सरमध्ये खोबरं वाटावं तसा आवाज करत. तेवढ्यात खाली ठेवलेला माझा फोन वाजला, मी दचकलो, नळी निसटली, पंप पलंगावरून गडगडत कपाटाखाली गेला आणि तिथे एकटाच गुरगुरत राहिला. आम्ही दोघं इतकं हसलो की मला पॅड बदलावा लागला.

ती आडवी झाली. पंपाच्या बॅटऱ्या संपेपर्यंत तो तसाच गुरगुरू द्यायचा असं ठरलं. माझं हसू ओसरलं आणि मला एकदम फार वाईट वाटलं.

‘‘त्या खोलीत तुला एवढं बोलायला लावलं,’’ मी म्हणालो. ‘‘जुडी वाचवली. उपयोग काय झाला?’’

‘‘जुडीचं काय घेऊन बसलास,’’ ती म्हणाली. ‘‘ती गेली असती तरी काय, मी कुठे जाणार होते?’’

‘‘मग?’’

ती छताकडे बघत होती. ‘‘पहिल्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून त्या माणसाला सांगितलंस, महत्त्वाचं नाही. मला खरंच वाटलं. म्हटलं, याचं संपलं वाटतं आपल्याबद्दलचं, आणि मला कळलंच नाही.’’

‘‘मग नंतर ती मोज्यांची साइज?’’

‘‘तेव्हा तिच्याशी तेच बोलत होते. ती म्हणाली, आई, बाबांना परत विचार. माझं धाडस होईना. तू मलाही नको म्हणाला असतास तर?’’

म्हणजे मी पार्किंगचे फोन करत होतो ते सगळे दिवस ही माझ्या शेजारच्या उशीवर असं समजून झोपत होती. तिला काही मी सांगितलं नाही, आणि तिनंही काही दाखवलं नाही, मला खिचडीही वाढली आणि बॅगही भरून दिली. त्या खोलीत डॉक्टरला तिनं पुन्हा विचारायला लावलं ते माझ्यासाठी, असं मी इतके दिवस समजत होतो. तिला उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

मी तिच्याकडे वळलो आणि तिचा हात घट्ट धरला.

‘‘ते खरं नव्हतं,’’ मी म्हणालो. ‘‘एक दिवससुद्धा नव्हतं.’’